तपासणी आणि उलटतपासणी

“लघवीला आग होते” ही तक्रार महाराष्ट्रातल्या कुठल्याही दवाखान्यात रोज कानावर पडते. घरातली मोठी माणसं म्हणतात, उष्णता झाली. मग धने-जिऱ्याचं पाणी होतं, सब्जा होतो, वाळ्याचं सरबत होतं. त्यानेही उतरलं नाही तर डॉक्टर. डॉक्टर लघवी तपासायला सांगतात, नाहीतर तेही न करता मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या गोळ्या लिहून देतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण काही बायकांची आग मूत्राशयात नसतेच. ती बाहेर असते, योनीच्या तोंडाशी, भगोष्ठांच्या आतल्या नाजूक कातडीवर पडलेल्या जखमेत. लघवी त्या जखमेवरून ओघळली की बाई कळवळते. “आग आतून होते, की लघवी बाहेर लागली की होते?” एवढं विचारलं तर बाई तत्काळ सांगते. पण विचारलं जात नाही, पाहिलंही जात नाही, आणि हर्पिस या विषाणूच्या फोडांवर लघवीच्या संसर्गाची गोळी चालू राहते. हर्पिसचे फोड दोन ते चार आठवड्यांत आपसूक भरतात, त्यामुळे गुण आल्याचं श्रेय गोळीला मिळतं. पुढच्या खेपेला पुन्हा तीच गोळी.

योनिमुखावरच्या जखमांविषयी लिहायचं तर सुरुवात जंतूंपासून करायची रीत आहे. मी सुरुवात टेबलापासून करते. लहान गावातल्या पुष्कळ दवाखान्यांत तपासणीचं टेबल असतं, आणि त्यावर औषधांची खोकी रचलेली असतात. पडदा असतो, पण तो भिंतीपर्यंत पोचत नाही. दिवा असतो तो छताला, म्हणजे जिथे उजेड हवा तिथे डॉक्टरांचीच सावली पडते. सोबतीला बाई कर्मचारी नसेल तर पुरुष डॉक्टर हात लावत नाही, आणि त्याचं चूक नाही. या सगळ्याचा हिशेब असा होतो की शरीराचा हा एकच भाग ऐकून तपासला जातो. घसा दुखतो म्हणणाऱ्याला आपण ‘आ’ करायला लावतो. इथे मात्र बाईच्या शब्दांवर औषध निघतं, आणि बाई तर शब्दही नीट वापरत नाही. ‘खाली त्रास आहे’ यातच सगळं आलं असं ती धरून चालते.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ६५० स्त्रियांची तपासणी झाली होती. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार. हे आकडे तेव्हा गाजले, आजही सांगितले जातात. मला त्यातला तिसरा आकडा जास्त बोलका वाटतो. त्या स्त्रियांपैकी फक्त ८ टक्क्यांची याआधी कधीतरी अंतर्गत तपासणी झाली होती. आजार घराघरात होता आणि तो कुणी पाहिलेलाच नव्हता. न पाहता उपचार करण्याचं टोक काय असतं ते बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांनी दाखवून दिलं. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, एवढ्यावर तरुण बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, आणि २०१९ मध्ये सरकारला त्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली.

माझा मुद्दा दुहेरी आहे. या जखमांची निदानं चुकतात त्याचं पहिलं कारण म्हणजे कुणी पाहत नाही. दुसरं कारण, पाहिलं तर लगेच निवाडा होतो. तपासणी संपायच्या आत उलटतपासणी सुरू होते. नवरा कुठे कामाला असतो? बाहेर जातो का? तुझं काही? यातले काही प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या विचारावेच लागतात, मीही विचारते. पण ते जखम पाहून, कारणांची यादी मनात धरून, सासूला बाहेर बसवून विचारायचे असतात. दाराशी चार माणसं उभी असताना विचारलेल्या प्रश्नाला मिळणारं उत्तर निदानाच्या कामाचं नसतं.

ही सवय आजची नाही. १८६८ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा केला. वेश्यांनी नाव नोंदवायचं, ठरल्या मुदतीने तपासणीला यायचं, जखम सापडली तर ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये डांबून घ्यायचं. मुंबई शहरातही तो काही काळ लागू होता. हेतू सैनिकांना निरोगी ठेवण्याचा होता. सक्ती मात्र होती ती फक्त बायांवर. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांना तपासण्याचं कलम त्यात नव्हतं. १८८८ मध्ये कायदा रद्द झाला, पण बाईचं शरीर तपासायचं ते पुरावा म्हणून, हा विचार वैद्यकाच्या अभ्यासक्रमात मुरला होताच. कौमार्याची ‘लक्षणं’ एमबीबीएसच्या पुस्तकांतून शिकवली जात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ती २०१९ साली अभ्यासक्रमातून काढण्याचा निर्णय घेतला. बलात्कार पीडितेची ‘टू फिंगर टेस्ट’ करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावं लागलं. ज्या पिढ्या ही पुस्तकं वाचून डॉक्टर झाल्या त्या अजून ओपीडीत बसतात. जखम दिसली की त्यांच्या डोक्यात आधी चारित्र्य येतं, नंतर विषाणू.

आणि विषाणू तर अशा साक्षीला अजिबात लायक नाही. हर्पिसचंच घ्या. योनिमुखावरच्या जखमांचं जगभर सगळ्यांत जास्त आढळणारं सांसर्गिक कारण तेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने १५ ते ४९ या वयात सुमारे ८४ कोटी ६० लाख लोकांना जननेंद्रियांचा हर्पिस संसर्ग आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही. विषाणू एकदा शिरला की कण्याजवळच्या मज्जागुच्छात दडी मारून बसतो. काहींना पहिल्याच आठवड्यात ताप, जांघेत गाठी आणि पाण्याने भरलेल्या फोडांचा घोस येतो. काहींना कितीतरी वर्षं काहीच होत नाही आणि मग बाळंतपण, दुसरा आजार, नाहीतर काहीही दिसण्याजोगं कारण नसताना पहिला फोड उमटतो. म्हणजे आज दिसलेल्या फोडावरून संसर्ग कधी झाला ते सांगता येत नाही, कुणाकडून झाला ते तर नाहीच. त्यात हर्पिसच्या दोन जातींपैकी पहिली, जी ओठावर ‘जर’ उठवते, ती मुखावाटे जननेंद्रियांवरही पोचते. नवऱ्याच्या ओठावरचा जर हा कुणाच्या बाहेरख्यालीपणाचा पुरावा नव्हे. तरीही शहरातल्या लॅबमधून ‘आयजीएम पॉझिटिव्ह’ असा कागद येतो, आणि त्या कागदावर लग्न मोडायची वेळ येते. रक्तातली ही आयजीएम चाचणी ताजा संसर्ग ओळखायला भरवशाची नाही. फोडाच्या तळातून घेतलेला नमुना पीसीआरला पाठवणं हा खरा मार्ग. तो परवडत नसेल तर फोडाचा तळ खरवडून काचपट्टीवर रंगवून पाहण्याची जुनी झँक तपासणी त्वचारोग विभागात आजही होते. औषध साधं आहे: असायक्लोव्हिरच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून तीनदा, सात ते दहा दिवस. विषाणू त्याने शरीरातून जात नाही, पण दुखणं लवकर आवरतं. फोड वारंवार येत असतील तर रोजची गोळी लांब मुदतीने देता येते. ‘हा आजार बरा होत नाही’ एवढंच सांगून बाईला घरी पाठवणारे डॉक्टर निम्मंच खरं सांगतात.

आता उलट बाजू. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, चार दिवस ताप, घसा धरलेला. ताप उतरता उतरता खाली असह्य दुखायला लागतं. चालता येत नाही, लघवी तुंबते. तपासलं तर दोन्ही भगोष्ठांवर समोरासमोर, एकमेकींच्या ठशासारख्या दोन खोल जखमा, तळाला राखाडी पापुद्रा, कडा लालभडक. पाहणाऱ्याचा जीव दडपतो. सोबत आलेली आई कुणी काही विचारायच्या आत बोलते: “मॅडम, पोरगी शाळा सोडून कुठं जात नाही हो.” तिला कळलेलं असतं की इथे आता खटला उभा राहणार.

व्हिएन्नाचे डॉक्टर बेंजामिन लिपशुट्झ यांनी १९१३ साली अशाच जखमांचं वर्णन केलं. त्यांनी त्याचा दोष एका जीवाणूला दिला. तो तर्क पुढे टिकला नाही. आज आपल्याला माहीत आहे की एपस्टाईन-बार विषाणू, इन्फ्लुएन्झा, अलीकडे कोविड, अशा संसर्गांनंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच या जखमा घडवते. तोंड येतं तसाच हा प्रकार, फक्त जागा वेगळी आणि जखम मोठी. लैंगिक संबंधाशी त्याचा संबंध नाही. उपचार म्हणजे प्रामुख्याने दुखणं थांबवणं: बधिर करणारी जेली, वेदनाशामक गोळ्या, कोमट पाण्याच्या टबात बसून लघवी करणं, अगदीच तुंबली तर नळी. दाह फार असेल तर थोडे दिवस स्टिरॉइड. दोन ते सहा आठवड्यांत जखमा भरतात, बहुतेकदा व्रणही राहत नाही.

पण हे निदान इतर कारणं वगळून करायचं असतं. आई निर्धाराने सांगते म्हणून ते करता येत नाही. हर्पिसचा नमुना, सिफिलिस आणि एचआयव्हीच्या चाचण्या, आणि आई बाहेर असताना मुलीशी सावकाश बोलणं, हे सगळं झाल्यावरच लिपशुट्झचं नाव घ्यायचं. अठरा वर्षांखालच्या मुलीवर अत्याचार झाल्याचा संशय असेल तर पोक्सो कायद्याने डॉक्टरवर कळवण्याची जबाबदारी आहे, आणि ती टाळण्यासाठी ‘लिपशुट्झ’ हा सोयीचा आडोसा होऊ शकतो. चांगल्या घरची मुलगी म्हणून न विचारणं आणि झोपडपट्टीतली म्हणून गृहीत धरणं, दोन्ही एकाच आळसाची रूपं आहेत.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांशी माझा वाद आहे. स्त्रीआरोग्यावर लिहिणारे-बोलणारे आपण मोठ्या तळमळीने सांगतो की योनिमुखावरची प्रत्येक जखम ‘तसली’ नसते. ते खरंच आहे. तोंड वारंवार येतं, खाली जखमा होतात आणि डोळे लाल होऊन दिसेनासं होतं, अशी तिहेरी खूण इस्तंबूलच्या हुलूसी बेहचेत यांनी १९३७ मध्ये मांडली. त्या आजारात जखमेइतकीच काळजी डोळ्यांची करावी लागते. आतड्याचा क्रोन आजार सुरीने चिरल्यासारख्या भेगा पाडतो. क्वचित क्षयही तिथे जखम करतो. पेम्फिगसमध्ये, लायकन प्लेनसमध्ये कातडी सोलवटते. औषधांच्या ॲलर्जीचा एक प्रकार तर मुलखाचा खट्याळ आहे. को-ट्रायमॉक्सॅझोल, डॉक्सिसायक्लिन, आयबुप्रोफेन, ऑर्निडॅझोल, फ्लुकोनॅझोल यांपैकी एखादी गोळी घेतली की दर वेळी त्याच जागी लाल-काळा डाग उठतो, फुटतो, जखम होते. म्हणजे अंगावरून जातं म्हणून घेतलेल्या गोळीनेच जखम झाली आणि त्या जखमेवर पुन्हा तीच गोळी दिली, असं चक्र मी पाहिलेलं आहे. त्यावर जंतुनाशक द्रवाने धुणं, तुरटी, आणि मेडिकलवाल्याने हाती ठेवलेलं, स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायॉटिक एकत्र कालवलेलं मलम. हर्पिसच्या जखमेवर ते स्टिरॉइड म्हणजे विषाणूला मोकळं रान.

तर कारणं पुष्कळ आहेत. पण ‘तसली नसते’ या युक्तिवादातून हळूच दुसरं वाक्य जन्माला येतं: म्हणजे ‘तसली’ असेल तर ती बाई सुनावणीस पात्र. निष्पापांना सोडवण्याच्या घाईत आपण दोषी कोण ते ठरवून बसतो. सिफिलिस झालेल्या बाईला तो बहुतेकदा तिच्या घरातूनच आलेला असतो, हे मी सांगू शकते आणि आपल्याकडे ते पुष्कळदा खरंही असतं. पण तो घराबाहेरून आला असता तरी पेनिसिलिनची मात्रा तीच, सुई तीच. सहानुभूतीसाठी सोवळेपणाचा दाखला मागणारी व्यवस्था सिफिलिस शोधू शकणार नाही, कारण दाखला नसलेली बाई दारात येणारच नाही.

सिफिलिसचा धोका असा की त्याची पहिली जखम दुखत नाही. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी एकच, कडक बुडाची, स्वच्छ जखम येते. बाईच्या बाबतीत ती भगोष्ठाच्या आत किंवा थेट गर्भाशयाच्या मुखावर असली तर तिला कळतही नाही. तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरते. मग काही आठवड्यांनी अंगभर, तळहात-तळपायांवर पुरळ. तेही जातं. आजार मात्र रक्तात राहतो आणि गरोदरपणात बाळाला गाठतो. सिफिलिस शोधणारी रक्ताची व्हीडीआरएल चाचणी जखमेच्या पहिल्या दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून संशय पक्का असेल तर कागदाची वाट न पाहता उपचार करायचा आणि चाचणी नंतर पुन्हा करायची. उपचार कमरेखाली घ्यायच्या बेंझाथिन पेनिसिलिनच्या २४ लाख युनिटांचा, सुरुवातीच्या अवस्थेत एकदाच. रिॲक्शनच्या धास्तीने हे इंजेक्शन द्यायचं सोडलेले दवाखाने थोडे नाहीत. पण गरोदर बाईच्या बाळाला वाचवणारा खात्रीचा दुसरा पर्याय आजही नाही, हे त्या धास्तीच्या तराजूत कुणी घालत नाही.

नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, सुरक्षा क्लिनिकमध्ये लैंगिक आजारांसाठी रंगीत किट मिळतात. लक्षणं पाहून पाकीट द्यायचं. पाण्याचे फोड किंवा त्यांच्या उथळ, दुखऱ्या जखमा असतील तर लाल, त्यात असायक्लोव्हिर. फोडांशिवायची जखम असेल तर पांढरं, त्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन आणि ॲझिथ्रोमायसिन, म्हणजे सिफिलिस आणि जखमा करणारा दुसरा लैंगिक आजार, शँक्रॉइड, दोन्ही झाकले जातात. पेनिसिलिन चालत नसेल त्यांना निळं, डॉक्सिसायक्लिनचं. शहरी तज्ज्ञ या पाकिटांना नाक मुरडतात: प्रयोगशाळेविना उपचार म्हणजे अंधारात तीर. मला हा तिरस्कार पटत नाही. जी बाई मजुरी बुडवून, दोन एसट्या बदलून आली आहे, ती रिपोर्ट घ्यायला परत येईलच याची हमी कोण देणार? तिला आज, समोर, औषध देणं हे शास्त्राला धरूनच आहे. पाकिटाची खरी मर्यादा दुसरी आहे. त्यात लिपशुट्झ नाही, बेहचेत नाही, औषधाची ॲलर्जी नाही, कॅन्सर नाही. म्हणून सात दिवसांनी पुन्हा पाहायचं असं त्याच पद्धतीत लिहिलेलं आहे. पाकीट दिलं जातं आणि सातवा दिवस गळतो, भांडण करायचं तर त्यावर करावं.

त्याच पद्धतीत जोडीदारावरही उपचार करायला सांगितलं आहे. हर्पिसच्या बाबतीत त्याला त्रास असेल तरच, सिफिलिसमध्ये अगदी न चुकता. व्यवहारात काय होतं? बायको नवऱ्याला बोलावणारी चिठ्ठी घेऊन जाते आणि पदरात बांधून ठेवते. नवऱ्याला सांगितलं तर “तुलाच झालंय, मला का?” असं ऐकायचं आणि कधी मारही खायचा, हे तिला ठाऊक असतं. १८६८ च्या कायद्यात पुरुष नव्हता, चिठ्ठीच्या व्यवस्थेत तो कागदावर आहे, एवढाच फरक. काही समुपदेशक आता एक साधी युक्ती करतात: निदानाची चर्चा न करता नवऱ्याला ‘दोघांच्या रक्ताच्या तपासणीला’ बोलावतात, आणि एचआयव्हीची, सिफिलिसची चाचणी त्याच बैठकीत होते. जननेंद्रियांवर जखम असताना एचआयव्हीचा संसर्ग सहज होतो, त्यामुळे या निमित्ताला वैद्यकीय आधारही आहे. नवरा येतोच असं नाही. पण गुन्हेगार म्हणून बोलावलेल्यांपेक्षा रुग्ण म्हणून बोलावलेले नवरे जास्त येतात, असा माझा अनुभव आहे.

साठी ओलांडलेल्या बायका या सगळ्या चर्चेतून निसटतात, कारण त्यांच्यावर कुणी संशय घेत नाही. संशय नाही म्हणून तपासणीही नाही. रात्री खाज सुटते, कातडी पांढुरकी, कागदासारखी पातळ होते, खाजवून चिरते. हा बहुधा लायकन स्क्लेरोसस. आज्जी म्हणतात वयाचं आहे, सूनही म्हणते वयाचं आहे, डॉक्टर बुरशीचं मलम देतात. याला लागतं क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टिरॉइड, तेही महिनोन्महिने, शिस्तीने आणि देखरेखीखाली. हो, तेच औषध, जे दुकानातून भलत्या जखमेवर घेतलं तर नुकसान करतं. उपचार न झालेल्या लायकनमध्ये काही टक्के बायकांना पुढे योनिमुखाचा कॅन्सर होतो, आणि तो सुरुवातीला एका न भरणाऱ्या जखमेसारखाच दिसतो. तीन आठवड्यांत न भरलेली जखम तुकडा काढून तपासावी, हा नियम प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी पाठ केला तरी पुष्कळ काम होईल. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ म्हणून नातेवाईक अडवतात. पसरतो तो न तपासता घालवलेल्या महिन्यांत. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा घ्यायला फार वेळ लागत नाही. तो फॉर्मलिनच्या बाटलीतून जिल्ह्याच्या पॅथॉलॉजी विभागाकडे पाठवता येतो, आणि रिपोर्टवर लायकन लिहून आलं तर उपचार तालुक्यातच सुरू होतात.